सामानापाशी कोण बसणार

आयर्लंडहून परत आल्यापासून गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत मला एकच प्रश्न विचारला जातो. दूध आणायला जा, भाजी आणायला जा, कुणीतरी गाठतंच. "तिकडं काय काय पाहिलंत?" मी सांगते, किल्ले पाहिले. समोरच्या बाईचा चेहरा लगेच उतरतो. इतक्या लांब विमानानं जाऊन किल्ले? आपल्याकडं काय किल्ल्यांचा दुष्काळ पडला होता? एका शेजारणीनं तर तोंडावरच म्हटलं, "अहो, दौलताबाद हितं उशाशी हाय. रिक्षानं जाऊन आल्या असत्या."

अशा वेळी हसून सोडून द्यायचं वय माझं संपलं. मी तिला विचारलं, "तुम्ही दौलताबादच्या माथ्यावर गेलात कधी?"

"शाळेत असताना गेले ना. अर्ध्यापर्यंत."

"आणि लग्नानंतर?"

तिनं पिशवीतली भाजी उगाच वरखाली केली आणि मेथी कशी घ्यायलाच परवडत नाही यावर बोलायला लागली. तिचं उत्तर मला मिळालं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर वैजापूरचं. सासर देवगाव रंगारीचं, शेतीवाडीचं घर. नवऱ्याची नोकरी शहरात, म्हणून आम्ही शहरात राहिलो. ज्याचं शहरात घर असतं त्याला फार वेळ एकटं सोडत नाहीत. देवगावातल्या प्रत्येकाचं शहरातलं काम आमच्या दारावरून जायचं. कुणाचा दवाखाना, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाच्या पोराची कॉलेजातली ॲडमिशन. काम आटोपलं की पाहुण्यांना दौलताबाद दाखवायचं, हा आमच्या घरचा न लिहिलेला कायदा होता. पहाटे उठून मी धपाटे करायची, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा, पाण्याच्या बाटल्या, लहान पोरांचे कपडे, चादरी. एवढं घेऊन आम्ही बसमध्ये चढायचो.

आणि या कायद्याला एक पोटकलम होतं. सामानापाशी एका माणसानं बसायचं. दौलताबादला माकडं फार. पिशवी एकटी दिसली की झालंच. धपाट्याचा वास तर त्यांना आपल्या आधी येतो. म्हणून पायथ्याच्या चांद मिनारच्या अलीकडे, लिंबाच्या झाडाखाली चादर अंथरून कुणीतरी बसायचं आणि बाकीच्यांनी वर जायचं. तो कुणीतरी म्हणजे मी.

पहिल्यांदा गेले तेव्हा नवी नवरी होते. सासूबाई म्हणाल्या, "नव्या पोरीनं एवढं चढू नाय. बस हितं." दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मग कडेवर मूल आलं. मूल मोठं झालं तोवर सासूबाईंना चढवेना, त्यांना सोबत पाहिजे म्हणून बसले. त्या गेल्यावर नुसत्या पिशव्यांसाठी बसले. पाहुणे बदलत गेले, पिशव्यांच्या जागी बॅगा आल्या, चादर फाटून दुसरी आली. बसणारी तीच राहिली. कुणी जुलूम केला असं म्हणता येणार नाही. कुणी विचारलंच नाही, एवढंच. सगळे चपला घट्ट करून निघायचे आणि जाता जाता माझ्या हातात घड्याळं, पाकिटं, गॉगल देऊन जायचे.

दुपार कलायच्या आत ती मंडळी उतरायची. तोंडं लालबुंद, कपडे धुळीनं भरलेले, अंधारीतल्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातल्या, वटवाघळांच्या गोष्टी सांगताना एकमेकांना बोलू देत नसत. मी पाणी द्यायची आणि विचारायची, "वर काय होतं?" आमचे हे घाम पुसत म्हणायचे, "काय नाय गं. नुसता वारा." मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. मला कधीच बरं वाटलं नाही.

त्यातून मी शाळेत शिक्षिका. चौथीला दौलताबादचा किल्ला मी वर्षानुवर्षं शिकवला. फळ्यावर खंदक काढायची, त्यावरचा एकुलता एक पूल काढायची, मग अंधारी, तिथं शत्रू कसा वाट चुकायचा, वरून त्याच्यावर काय काय ओतायचे, मग पायऱ्या, बारादरी आणि अगदी माथ्यावर तोफ. माझा धडा गाजलेला होता. दुसऱ्या तुकडीची पोरं दारात उभी राहून ऐकायची. एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, वरून आपली शाळा दिसते का?" मी म्हटलं, "माहीत नाही बाळा." सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. बाईंना माहीत नाही, असं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. सहलीला तरी वर जाईन असं वाटलं होतं, पण सहलीतही कुणाला बसमध्ये उलटी झालेली असते, कुणाचा पाय मुरगळतो, आणि त्यांच्यापाशी एक बाई बसावीच लागते.

निवृत्त झाले आणि गुडघ्यांनी डोकं वर काढलं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आज ना उद्या ऑपरेशन करावं लागेल, तोवर जिने टाळा. आमच्या ह्यांनी ते असं पाठ केलं की घरातल्या गच्चीवर वाळवण घालायलाही मला मनाई झाली. त्या दिवशी दवाखान्यातून येताना मी मनाशी एकच ठरवलं. पाय आपले आहेत तोवर एकदा, एका तरी किल्ल्याच्या माथ्यावर जायचं. माझ्या पायांनी. रविवारी ह्यांना म्हटलंही, "चला, दौलताबादला जाऊ. दोघंच." ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "डोस्कं फिरलं का तुझं?" एवढ्यात मुलाकडून बाळाची बातमी आली आणि आमच्या घरात पुढे कित्येक महिने फक्त व्हिसाचं बोलणं झालं.

मुलगा आणि सून आयर्लंडच्या पश्चिमेकडे एका गावात राहतात. त्या गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, आणि लिहिलं तर वाचणारालाही येणार नाही. तिथं पाऊस आपल्यासारखा येत नाही. तो जातच नाही. आणि किल्ले इतके, की दूध आणायला गेलं तरी वाटेत एखादा लागतो. काही नुसत्या भिंती, आत गाई चरतात. काहींना छप्पर घालून, जिने दुरुस्त करून, तिकीट लावून लोकांना उघडे केलेत. आपले किल्ले डोंगर धरून बसतात. तिकडचे सपाट जमिनीवर, नदीकाठी, उंच चौकोनी, एकावर एक खोल्या रचलेले. दगडी घरच ते, फक्त भिंती एवढ्या जाड की खिडकीत माणूस आडवा झोपेल. मुलाला त्यांचा नाद लागला आहे. शनिवार उजाडला की गाडीत बाबागाडी टाकायची, डबा टाकायचा आणि किल्ला गाठायचा.

पहिला किल्ला नदीवरचा, मोठा. दारात पाटी, की आत गोल जिना आहे, बाबागाडी नेऊ नका. मुलगा म्हणाला, "आई, तू इथं अंगणात बस बाळाजवळ, आम्ही पटकन येतो." मी बसले. सवयच ती. बसल्यावर माझं मलाच कळलं की मी चादर शोधत होते. वरच्या खिडकीतून ह्यांनी हात हलवला. मी पण हलवला.

दुसऱ्या किल्ल्यावर सून म्हणाली, "आई, आज मी थांबते खाली. तुम्ही जा." मनापासून म्हणाली पोरगी. मी पदर खोचला, एक पाऊल टाकलं, तेवढ्यात आमचे हे मध्ये पडले. "तिला नाय जमायचं. गुडघे हायत का तिला? आणि सामान?" सामान म्हणजे धपाट्यांची पिशवी, छत्र्या आणि बाळाचे कपडे. मी परत बसले. यावेळी चहाच्या टपरीत, काचेच्या आत. समोरच्या टेबलावर तिथल्याच कुणाची तरी बॅग उघडी पडली होती. माणूस कुठंच नव्हता. मी त्या बॅगेवर नजर ठेवली, माझी नसताना. चहा झाला, पाऊस थांबला, पुन्हा लागला, एका म्हातारीनं येऊन ती बॅग शांतपणे उचलली आणि गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथं माकडं नाहीत. एकही नाही. मग मी का बसले आहे?

मला इतका राग आला की हातातला कप मी ठेवला तो आवाज करून. राग ह्यांचा होता, मुलाचा होता, लिंबाच्या झाडाचा होता, आणि सगळ्यात जास्त त्या माकडांचा. एवढी वर्षं ज्यांच्या नावावर मला बसवलं ते प्राणी आयर्लंडात नव्हतेच, तरी मी बसलेच होते. रात्रभर मी कुणाशी बोलले नाही. ह्यांना वाटलं थंडी बाधली. त्यांनी मला काढा करून दिला. तो मी प्याले, पण बोलले नाही.

पुढच्या शनिवारी तिसरा किल्ला. किल्ला म्हणजे एकच उंच बुरूज, कुरणाच्या मध्ये उभा. जिना अरुंद, म्हणून गाईड मोजकीच माणसं एका वेळी वर नेते. आम्ही पोचलो तेव्हा दिवसातली शेवटची फेरी निघत होती. मुलगा तिकिटाच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "तीन."

मी मागून म्हटलं, "माझं काढ."

"आई, अगं जिना बघ. डॉक्टर काय म्हणालेत?"

"डॉक्टर इथं नाहीत. माझं काढ आणि सूनबाईचं काढ. तुम्ही दोघं खाली बसा."

आमच्या ह्यांना आधी वाटलं मी गंमत करते आहे. मग माझा चेहरा बघून ते गडबडले. "अगं, पण बाळ? आणि सामानापाशी कोण बसणार?"

"तुम्ही," मी म्हटलं.

एवढा साधा शब्द होता. तो उच्चारायला मला सगळा संसार लागला. मी बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं, पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली, छत्री पिशवीवर. माझं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. गरज काहीच नव्हती, पण दिलं. बाळाचं पोट भरलेलं होतं, लंगोट नुकताच बदलला होता, अंगात दोन स्वेटर. सुनेनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि ती पटकन माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. हसू तिच्या ओठात मावत नव्हतं.

दाराशी मी चपला काढायला वाकले. थंड दगडी उंबरा, आत अंधार, पायानं आपोआप देऊळ समजून घेतलं. गाईडबाई माझ्याच वयाची, पिकलेल्या केसांची. तिनं हातानं खूण केली, नको, घाला, दगड घसरडा आहे. मग तिनं वर बोट दाखवलं. दाराच्या वरच्या छतात एक भोक होतं. शत्रू दार फोडून आत आला की वरच्या खोलीतून त्याच्या डोक्यावर दगड, उकळतं पाणी, हाताला येईल ते टाकायचे. तिचं इंग्रजी घाईचं, माझं शाळेतलं, पण हा धडा मला पाठ होता. मी म्हटलं, आमच्याकडं आहे हे, याहून मोठं. तिनं विचारलं, पाहिलंत का? मी म्हटलं, शिकवलंय. तिला ते कळलं नाही, आणि तेव्हा समजावून सांगायला माझ्याकडे वेळ नव्हता.

जिना गोल, उजवीकडे वळत जाणारा. का, तर वरून लढणाऱ्याचा तलवारीचा हात मोकळा राहावा आणि खालून येणाऱ्याचा भिंतीला अडावा. मधलीच एखादी पायरी मुद्दाम उंच केलेली, चढणारा ठेचकाळावा म्हणून. कुणा शत्रूसाठी केलेली ती पायरी इतक्या शतकांनी माझ्या गुडघ्यात कळ घेऊन आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी भिंतीला बांधलेला दोर धरला आणि तिथंच टेकले. मागं माणसं अडली. सून म्हणाली, "आई, परत फिरायचं का?" तिच्या आवाजात काळजी होती आणि ती खरी होती. मी म्हटलं, "मागच्यांना पुढं जाऊ दे. मी बाण मारायच्या खिडकीत बसते जरा." बसले. माणसं अंग चोरून पुढं गेली, एक धिप्पाड बाबा जाताना माझ्या खांद्यावर थोपटून गेला. मग मी उठले. एक पाय वर, दुसरा त्याच्याजवळ. बाळ शिकतं तसं. लाज वाटली नाही. लाज वाटायची ती इतकी वर्षं खाली वाटून संपली होती.

मध्ये खोल्या लागल्या. एका खोलीत लांबलचक टेबल, चूल एवढी की बैल भाजावा. एका कोपऱ्यात भिंतीतच संडास, आणि गाईडबाईनं सांगितलं की तिथंच कपडे टांगायचे, त्या वासानं उवा मरायच्या. सुनेनं नाक धरलं. मला हसू आवरेना. एवढे सरदार, एवढे भालेदार, आणि उवा सगळ्यांना सारख्या.

शेवटची पायरी चढले आणि आभाळात बाहेर आले.

वारा होता, हे खरं. नुसता वारा होता, हे साफ खोटं. नदी होती, वळत वळत जाऊन समुद्राकडं पांढरी झालेली. दगडी बांधांनी वाटून घेतलेली हिरवी शेतं होती. मेंढ्या होत्या, एक मोडकं चर्च होतं, त्याच्या भोवती तिरपे झालेले थडग्यांचे दगड. दूर दुसरा एक बुरूज उभा होता, छप्पर उडालेला, त्यात कावळ्यांची जत्रा. गावातली शाळाही दिसत होती, मैदानात एक चेंडू राहून गेला होता. मला वाटलं होतं वर पोचल्यावर आनंद होईल. आधी आनंद नाही झाला. आधी संताप आला. एवढं सगळं असतं वर, आणि मला सांगितलं काही नाही. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि रडले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंच, म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही. मग हळूहळू आनंद आला. आला तो असा की पाय दुखतात हे आठवायला मला वेळ लागला.

तेवढ्यात खालून बाळाचा आवाज आला.

आधी कुरकुर, मग भोकाड. त्या मोकळ्या माळावर त्याला अडवायला काही नव्हतंच. वाकून पाहिलं तर बाकावर आमचे हे, त्यांच्या खांद्यावर बाळ, आणि मुलगा बाबागाडीतून काहीतरी शोधतोय, एकेक वस्तू काढून गवतावर टाकतोय. सुनेचा चेहरा कसानुसा झाला. "जाते मी, आई. तुम्ही सावकाश या." आणि ती जिन्याकडं वळली.

मी तिचा हात धरला. इतकी वर्षं असा आवाज आला की मी हातातलं टाकून धावले आहे, पाय आपोआप निघतात. पण मी पाय रोवून उभी राहिले. "पोट भरलंय त्याचं," मी म्हटलं, "त्याला दुखतखुपत नाहीये, हे त्याचं नाराजीचं रडणं आहे, तुलाही कळतंय. खाली दोन धडधाकट माणसं आहेत. एक त्याचा बाप आहे."

तिचा फोन वाजला. मुलगाच. तिनं फोन माझ्यापुढं धरला.

"आई, कुठं आहात? या ना. हा ऐकतच नाहीये."

"वर आहोत," मी म्हटलं, "बघतोय. बघून झालं की येतो." आणि फोन सुनेला परत दिला.

आम्ही चारी बाजूंनी कठडा फिरलो. सावकाश. ती मला दाखवत होती, तिचं ऑफिस त्या टेकडीमागं, बाजार तिकडं. बाळ रडत होतं, ते आम्हा दोघींना ऐकू येत होतं, आणि आम्ही बघत होतो. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे मला तिथं कळलं. गाईडबाई दार लावायची वेळ झाली म्हणाली, तेव्हाच मी जिन्याला पाय लावला.

उतरताना चढण्याहून जास्त त्रास झाला. खाली आलो तेव्हा बाळ हुंदके देत होतं, पण थकलं होतं. मुलगा रागातच होता. "आई, किती वेळ. लाल झाला रडून रडून. तुला वरून ऐकू नव्हतं येत?"

"येत होतं," मी म्हटलं. "तू याच्याएवढा होतास तेव्हा दौलताबादला तासन्तास रडला होतास. दात येत होते तुला. तुझे बाबा वर होते, तिथं फोन नव्हते, आणि मी काही ओरडून बोलावलं नाही."

तो खाली वाकला. गवतावरचे कपडे गोळा करायला लागला. आमच्या ह्यांच्या सदऱ्याचा खांदा भिजून काळा पडला होता, केस विस्कटलेले, चष्मा तिरपा. ते बाळाला थोपटत माझ्याकडं बघत राहिले.

"लई रडला गं," ते म्हणाले. "मला तर काय करावं सुचंना."

"व्हय," मी म्हटलं. "रडतात."

"आपला बी असा रडला व्हता? मला कधी बोलली नाय तू."

"तुम्ही खाली आलात," मी म्हटलं, "तेव्हा तो झोपला होता."